रिपोर्टमध्ये 'पी१६ पॉझिटिव्ह' आलंय. पण पी१६ तर आपल्या बाजूचं ना?

रानमोगरी
शुक्रवार, रात्री ११:४०

मावशीचा बायोप्सी रिपोर्ट काल आला. वय ६१, पाळी जाऊन दहा वर्षं झाली, त्रास काहीही नव्हता. गावातल्या शिबिरात मैत्रिणींबरोबर तपासणी करून घेतली आणि त्यातून हे निघालं. गर्भाशयमुखाच्या पेशींत 'सीआयएन ३', आणि त्याखाली एक ओळ: 'पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह'.

डॉक्टरीणबाईंनी व्यवस्थित समजावून सांगितलं. हा कॅन्सर नाही, अलीकडची पायरी आहे, तेवढा भाग शंकूसारखा कापून काढायचा. तारीखही मिळाली आहे. तेव्हा उपचारांचे सल्ले कृपया नकोत. काढे, ज्यूस, गोमूत्र तर नकोच नको.

माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतोय. झोप येईना म्हणून पी१६ काय प्रकार आहे ते शोधत बसले, तर जिथेतिथे एकच: पी१६ हे ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होऊ न देणारं प्रथिन. मग ते भरपूर आहे ही वाईट खबर कशी? मावशी झेडपीच्या शाळेत गणित शिकवायची. तिला हे सांगितल्यावर म्हणाली, "राखणदार वाढले आणि चोरीही वाढली, म्हणजे उदाहरणात काहीतरी लपवलंय." कोणी उलगडून सांगेल का?

खडूस_कारकून
शुक्रवार, रात्री ११:५८

रात्री जालावर रोगाचं नाव शोधून झोप लागलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. प्रश्न मात्र रास्त आहे. चटई टाकून बसतो.

स्लाईडवाली
शनिवार, सकाळी ७:१५

रानमोगरी, हा प्रश्न आमच्याकडे एमडीच्या तोंडी परीक्षेत विचारतात, आणि निम्मी मुलं तिथेच घसरतात. मावशींना माझा नमस्कार सांगा.

पी१६ला एकच काम येतं. सीडीके४ आणि सीडीके६ ही दोन एन्झाइमं धरून ठेवायची. ती सुटली तर आरबी नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतात. आरबीने ई२एफ नावाच्या घटकाला मुठीत धरलेलं असतं. फॉस्फेट चिकटलं की मूठ सैल होते, ई२एफ सुटतं आणि पेशी विभाजनाला निघते. म्हणजे पी१६ सीडीकेला आवरतं, सीडीके आरबीला नमवतं, आरबी विभाजन रोखतं. निरोगी पेशीत ही साखळी चोख चालते.

ह्या रोगामागे असतो एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचं ई७ हे प्रथिन मधल्या कोणाशी बोलतच नाही. थेट आरबीला धरतं आणि त्याची विल्हेवाट लावतं. साखळीचं शेवटचं कडंच गेलं, आता वर पी१६ कितीही ओता. शिवाय आरबी जागेवर असताना पी१६चं उत्पादन दाबलेलं असतं. आरबी गेलं की तो दाब जातो आणि पी१६ उफाळून येतं. तुमच्या मावशींच्या गणितात लपवलेली संख्या ती ही.

आम्ही काचेवर ते तपकिरी रंगात बघतो. 'ब्लॉक' म्हणजे खालच्या थरापासून वरपर्यंत सलग रंग, मध्ये पांढऱ्या फटी नाहीत. इकडेतिकडे चार पेशी रंगल्या असतील तर त्याला आम्ही पॉझिटिव्ह म्हणत नाही. ई७ रोजच्या कामात थेट रंगवून बघता येत नाही, म्हणून त्याच्या पायाचा ठसा शोधायचा. पी१६ म्हणजे तो ठसा.

बार्शीलाईट
शनिवार, सकाळी ९:०२

म्हणजे आमच्या विहिरीवरच्या मोटारीसारखं झालं की. मोटार जळू नये म्हणून स्टार्टरमध्ये रिले असतो. करंट जास्त ओढला की खटकन ट्रिप. लोकांना ते रोज उठून रानात जाणं नको असतं, मग काही महाभाग बटणात काडी खुपसून ठेवतात. रिले बिचारा आपलं काम करतोय, पण काडीपुढे काय चालणार? आणि एक दिवस मोटार जळाली की शिव्या कंपनीला.

पेट्रीडिश
शनिवार, दुपारी १२:३०

बार्शीलाईट, ही काडी मी ढापतो. ह्या विषयाचा सगळा जीव त्या काडीत आहे, ते पुढे कळेल.

पीएचडीची साडेपाच वर्षं ह्याच पेशींमागे पुण्यात घालवली. आता ते क्षेत्र सोडून पोटासाठी औषध कंपनीत फायली हलवतो. म्हणून जरा पसरट लिहितो, सहन करा.

एचपीव्हीचा संसार बघितला तर हसू येईल. वर्तुळाकार डीएनए, जेमतेम आठ हजार अक्षरं, आठ-नऊ जनुकं. आपल्या पेशीत तीनशे कोटी अक्षरं आहेत. एवढ्याशा भांडवलात डीएनए नकलायची स्वतःची यंत्रसामग्री बाळगणं परवडत नाही, ती पेशीचीच वापरायची. आता अडचण बघा. विषाणू बारीकशा ओरखड्यातून शिरतो तो सगळ्यात खालच्या थरात. त्याची पिल्लं मात्र तयार होतात वरच्या थरात. आणि वर सरकणाऱ्या पेशी विभाजन सोडून, चपट्या होऊन, गळून पडायच्या वाटेला लागलेल्या असतात. कारखाना बंद, यंत्रांवर ताडपत्री. ई७चं काम ती ताडपत्री ओढायची. आरबी हटवलं, ई२एफ मोकळं झालं, नकला छापायची जनुकं चालू.

पण पेशी इतकी भोळी नसते. अवेळी कारखाना सुरू झालेला दिसला की पी५३ नावाचं दुसरं राखणदार प्रथिन चढायला लागतं. त्याचे हुकूम दोनच: थांब, नाहीतर मर. विषाणूला दोन्ही परवडत नाहीत. म्हणून ई६ लागतं. ई६ स्वतः पी५३ला मारत नाही. पेशीतलंच ई६एपी नावाचं एन्झाइम हाताशी धरतं आणि त्याच्याकडून पी५३वर युबिक्विटिनचे शिक्के मारून घेतं. शिक्के बसलेलं प्रथिन प्रोटिअॅसोममध्ये जातं आणि तिथे त्याचा भुगा होतो. एरवी ई६एपी पी५३च्या वाटेलाही जात नाही. ई६ मध्यस्थ होऊन दोघांची गाठ घालून देतं.

आकार बघा. ई६ सुमारे दीडशे अमिनो आम्लांचं, एचपीव्हीच्या १६ नंबरच्या प्रकाराचं ई७ तर ९८चं. पी५३ ३९३चं आणि आरबी ९२८चं. चिलटाने बैल पाडावा तसं.

हे कळलं कसं, त्याची गंमत वेगळी आहे. आरबी हे नाव लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठीवरून, रेटिनोब्लास्टोमावरून आलं. १९७१ मध्ये अल्फ्रेड नुडसन यांनी नुसत्या रुग्णांच्या आकडेमोडीवरून सांगितलं होतं की ह्या गाठीला दोन घाव लागतात. जनुक हाती आलं १९८६ साली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच दिसलं, की सर्दीखोकला देणारा अॅडिनोव्हायरस, माकडांतला एसव्ही४० आणि आपला पॅपिलोमा, हे तिन्ही विषाणू आरबीलाच जाऊन चिकटतात, तेही जवळजवळ एकसारख्या हुकाने. ई७चा निकाल १९८९चा, डायसन, हाउली, म्युंगर आणि हार्लो यांचा. ई६ आणि पी५३चं नातं पुढच्याच वर्षी उघडं पडलं. एकमेकांशी सोयरीक नसलेले तीन चोर एकाच खिशात हात घालत असतील, तर त्या खिशात काय आहे ते वेगळं सांगायला नको.

काडीवर रात्री येतो. साहेबांचा फोन वाजतोय.

एडिसनकर
शनिवार, दुपारी २:१०

+१. वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अवांतर: हे ई६एपी म्हणजेच यूबीई३ए ना? आमच्या ओळखीत एका मुलाला अँजलमन सिंड्रोम आहे, त्याच्या आईवडिलांकडून हे नाव सारखं ऐकलंय.

पेट्रीडिश
शनिवार, दुपारी २:२५

तेच. आईकडून आलेली त्याची प्रत मेंदूत काम करेनाशी झाली की अँजलमन. एचपीव्हीवाल्यांना ते प्रथिन आधी सापडलं, म्हणून नावच 'ई६चा जोडीदार' असं पडलं. त्या मुलाचा विषाणूशी सुतराम संबंध नाही, हेही लिहून ठेवतो. नाहीतर कोणीतरी व्हॉट्सअॅपवर भलतंच जोडून मोकळं व्हायचं.

खडूस_कारकून
शनिवार, दुपारी ४:४५

सगळं रंगवून सांगितलंत, पण माझी एक मूलभूत शंका. हे प्रयोग हेला पेशींवरचे ना? १९५१ साली एका बाईच्या गाठीतून घेतलेल्या. एवढी वर्षं प्लास्टिकच्या बाटलीत वाढलेल्या. त्यांची गुणसूत्रं कधीच ४६ राहिलेली नाहीत. अशा पेशीवरून मावशींच्या पेशीत काय चाललंय ते सांगणं म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटावरून जंगलाचं वर्णन.

दुसरं. विषाणूला कॅन्सर करून काय मिळतं? घर जाळून भाडं वसूल होत नाही.

पेट्रीडिश
शनिवार, रात्री १०:२०

कारकूनसाहेब, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. काहीही मिळत नाही. विषाणूच्या बाजूने बघितलं तर कॅन्सर हा अपघात आहे. संसर्ग झालेल्या बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. थोड्या जणींत ठाण मांडतो. त्यातल्याही काहींत त्याचं वर्तुळ तुटतं आणि आपल्या गुणसूत्रात रुततं. अशा रुतलेल्या, तुटक्या डीएनएतून नवा विषाणू तयारच होऊ शकत नाही. वंश बुडाला. तुटताना बरेचदा ई२ नावाच्या जनुकाची वाट लागते. आणि ई२ कोण? तर ई६-ई७ना लगाम घालणारं विषाणूचं स्वतःचंच प्रथिन. लगाम तुटला, घोडे सुटले. हे सगळं व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीवर उपचार नसले किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली असली तर ५ ते १० वर्षांत होतं.

आता हेला. तुमचा संशय योग्य आहे आणि मी स्वतः तो दोन वर्षं वागवला. हेन्रिएटा लॅक्स, ३१ वर्षांची, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता वाढवला गेला आणि ती ४ ऑक्टोबर १९५१ला गेली. ह्या पेशी एचपीव्हीच्या आहेत हे कळायला पुढची तेहेतीस वर्षं लागली. हाराल्ड झुर हाउझन यांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही १६ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही १८ वेगळा केला, आणि तो १८ हेलामध्येही सापडला. आठव्या गुणसूत्रावर, मायक नावाच्या कुप्रसिद्ध जनुकापासून सुमारे पाच लाख अक्षरांवर रुतलेला. ह्या कामाचं नोबेल त्यांना २००८ मध्ये मिळालं.

पुण्याच्या एनसीसीएसमधून, म्हणजे पेशींच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातून पेशी आणायच्या आणि बाटलीत वाढवायच्या. मी एका वेळी चार सांभाळायचो: हेला, सिहा, कास्की आणि सी३३ए. चारही गर्भाशयमुखाच्या गाठींतून आलेल्या. हेलात एचपीव्ही १८. सिहात एचपीव्ही १६च्या एक-दोन प्रती, कास्कीत त्याच्याच शेकडो. आणि सी३३एमध्ये एचपीव्ही नाहीच. आता मेख इथे आहे. पहिल्या तिन्हींत पी५३ आणि आरबीची जनुकं धडधाकट आहेत, एकही चूक नाही. सी३३एमध्ये दोन्ही जनुकं बिघडलेली आहेत. १९९१ मध्ये शेफनर आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं, तेव्हा चित्र लख्ख झालं. विषाणू असेल तर जनुकं बिघडायची गरजच नाही. विषाणू नसेल तर तेच दोन खांब दुसऱ्या रीतीने पाडावे लागतात. ही बाटलीतल्या पोपटांची लबाडी म्हणावी, तर २०१७ मध्ये २२८ ताज्या गाठींचा जो मोठा अमेरिकी अभ्यास झाला त्यात ९५ टक्के गाठींमागे एचपीव्ही होता, आणि इतर अवयवांच्या कॅन्सरांत जागोजागी दिसणारे पी५३चे बिघाड ह्यांत क्वचितच. जंगलातही तेच.

आणि आता काडी. २००० साली येल विद्यापीठात गुडविन आणि डिमायो यांनी हेला पेशींत ई२ परत घातलं, म्हणजे तुटलेला लगाम पुन्हा चढवला. ई६-ई७चं उत्पादन बंद पडलं. पी५३ साठायला लागलं, त्याच्या हुकमाने विभाजन थांबवणारं पी२१ हे प्रथिन वाढलं, आरबी पुन्हा मूठ आवळून बसलं, आणि पेशी थांबल्या. काही दिवसांत पसरट, सुस्त, म्हाताऱ्या झाल्या. एकोणपन्नास वर्षं जवळजवळ दर दिवसाला दुप्पट होणाऱ्या, जगभरच्या प्रयोगशाळांत पसरलेल्या, गुणसूत्रांचा पार विचका झालेल्या पेशी! आणि आत रिले शाबूत. अर्ध्या शतकात कोणी त्यांना काम दिलं नव्हतं एवढंच. काडी काढली, खटकन ट्रिप.

मी तो पेपर एसपी कॉलेजजवळच्या अमृततुल्यात बसून वाचला होता. चहा थंड झाला. त्या दिवसानंतर 'हेला म्हणजे काय, नुसता कचरा' असं कोणी म्हणालं की मला राग येतो.

रानमोगरी
शनिवार, रात्री ११:०५

अंगावर काटा आला. म्हणजे मावशीच्या त्या पेशींतही पी५३ आणि आरबी बनवणारी जनुकं शाबूत असणार?

स्लाईडवाली
रविवार, सकाळी ८:४०

बहुधा हो. माझ्या काचेवरही ते दिसतं. एचपीव्हीच्या घावात पी५३ रंगवलं तर फिकट, तुरळक ठिपके दिसतात. ज्या गाठींत पी५३चं जनुकच बिघडलंय तिथे बरेचदा सगळ्या पेशी गडद तपकिरी, कारण बिघडलेलं पी५३ तुटत नाही, साचत राहतं. नव्या विद्यार्थ्यांना हे पचत नाही. जिथे रंग भडक तिथे राखणदार खराब, आणि फिका तिथे चांगला पण पळवलेला. पी१६चं तर आणखी तिसरंच. आमचा अर्धा धंदा असल्या उलट्या खुणा वाचायचा आहे.

हळदीकुंकू
रविवार, सकाळी १०:३०

काढे नकोत म्हटलंय तरी विचारते, रागावू नका. हळदीतल्या कर्क्युमिनने हेला पेशींत ई६-ई७ कमी होतात असं वाचलं. खरं आहे का?

पेट्रीडिश
रविवार, सकाळी ११:००

ताटलीत खरं आहे, भारतीय प्रयोगशाळांचेच पेपर आहेत. पण ताटलीत कर्क्युमिन थेट पेशीवर ओततात. पोटातून घेतलं तर रक्तात पोचतं नावापुरतं. मी स्वतः ताटलीत हेला मारल्या आहेत हळदीने, मिठाने, आणि एकदा इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवल्याने. गाईडने तीन महिने बोलणं टाकलं होतं. आमटीत हळद घाला, छान लागते.

एडिसनकर
रविवार, सकाळी ११:२०

मग हाच प्रश्न उलटा. पी५३ शाबूत आहे, काडी कुठे आहे ते माहीत आहे, १९९० पासून माहीत आहे. ई६ अडवणारी गोळी का नाही आली? एवढ्या वर्षांत तर माणसं चंद्रावर राहायला गेली असती.

पेट्रीडिश
रविवार, दुपारी १:१५

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

गोळीला शिरायला खाच लागते. एन्झाइम असेल तर त्याच्या कामाच्या जागी खोबण असते, तिथे औषधाचा रेणू पाचर मारून बसवता येतो. ई६ आणि ई७ एन्झाइमच नाहीत. त्यांची सगळी करामत दुसऱ्यांना चिकटण्यात. त्यात ई७चा पुढचा अर्धा भाग तर ठराविक आकारच धरत नाही, ओल्या सुतळीसारखा लोंबतो. त्याला पकडणार कुठे?

बरं, आडवाटेने जावं, तर तीही बंद. इतर बऱ्याच कॅन्सरांत शाबूत पी५३ला एमडीएम२ नावाचं प्रथिन दाबून ठेवतं, आणि त्याला अडवणारी औषधं लोकांनी बनवली आहेत. हेलासारख्या पेशींत ती फुसकी ठरतात. तिथे पी५३चा काटा एमडीएम२ काढतच नाही, ते खातं ई६ने स्वतःकडे घेतलंय. प्रोटिअॅसोमच बंद करावा तर शरीरभरच्या पेशींचा कचरा तुंबतो. जनुककात्रीने ई६-ई७ कापून टाकले की बाटलीतल्या पेशी थांबतात, हे २०१४ पासून दाखवलं गेलंय. पण माणसात एकूण एक पेशीपर्यंत ती कात्री पोचवायची कशी? ई६-ई७विरुद्ध प्रतिकारशक्तीला शिकवणाऱ्या उपचारी लशींवर काम चालू आहे. माझी आशा तिथे आहे, पण पैज लावणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, मला फार आवडणारी. डिमायोंच्याच गटाने नंतर, २००३ मध्ये, दोन काड्या एकेक करून काढून बघितल्या. हेलात नुसतं ई७ बंद केलं तर आरबी जागं होतं आणि पेशी म्हाताऱ्या होतात. नुसतं ई६ बंद केलं तर पी५३ जागं होतं. काही पेशी म्हाताऱ्या होतात, काही सरळ आत्महत्या करतात. म्हणजे ह्या पेशींना जगायला दोन्ही काड्या रोज लागतात. सुरुवात करून दिली आणि विषाणू निघून गेला, असं नाही. तो तिथे उभा राहून बटण दाबून धरतोय, आत्ता, ह्या क्षणी.

तिखट_शेव
रविवार, दुपारी ३:००

नाव लपवून विचारतोय. बायकोचा एचपीव्ही पॉझिटिव्ह आलाय. आमचं लग्न होऊन २२ वर्षं झाली. घरात वातावरण बिघडलंय. हा कुठून आला असेल?

स्लाईडवाली
रविवार, दुपारी ३:२५

तिखट_शेव, जगातली कोणतीही तपासणी हे सांगू शकत नाही. संसर्ग वर्षानुवर्षं खालच्या थरात गप्प पडून राहतो आणि वय वाढल्यावर पुन्हा डोकं काढतो. लग्नाआधीचा असू शकतो, तुमच्याकडून आलेला असू शकतो. पुरुषांना बहुधा कळतही नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी हा विषाणू भेटतोच. रिपोर्टवर जे लिहिलंय ते बायकोच्या तब्येतीबद्दल आहे, चारित्र्याबद्दल एक अक्षर नाही. तिला पुढच्या तपासणीला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

तिखट_शेव
रविवार, दुपारी ३:४०

जातो. धन्यवाद.

बार्शीलाईट
रविवार, सायंकाळी ६:३०

शिबिराचा विषय निघाला म्हणून. माझं आजोळ तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. मी कॉलेजात असताना, २००० च्या आसपास, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव यायची. बायकांची नावं लिहायची, तपासणीला बोलवायची. मामी म्हणाली होती, "मला काय धाड भरलीय? मी नाही जायची." आजीने तिला दटावून नेलं. नंतर कळलं की तो कसलासा मोठा अभ्यास होता.

स्लाईडवाली
रविवार, रात्री ८:१०

कसलासा? अहो, जगभरच्या पुस्तकांत आहे तो. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. एकात एचपीव्हीची डीएनए तपासणी, एकात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एकात अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. २००९ मध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी, आणि आठ वर्षांत त्या गटात ह्या कॅन्सरचे मृत्यू ३४, चौथ्या गटात ६४. बाकी दोन पद्धतींत म्हणावा तसा फरक दिसला नाही. बाकीच्या दोन तपासण्या पेशीत बिघाड दिसायला लागल्यावर तो पकडतात. डीएनए तपासणी काडीवाल्यालाच पकडते. तुमच्या मामी कोणत्या गटात होत्या कोण जाणे, पण त्या गेल्या म्हणून हे जगाला कळलं.

खडूस_कारकून
रविवार, रात्री ८:३५

आणि चौथ्या गटातल्या बायका? त्यांचं काय? ज्यांना तपासलंच नाही.

स्लाईडवाली
रविवार, रात्री ९:२०

तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवणार हे माहीत होतं. ह्यावर नंतर कडाक्याचे वाद झाले, परदेशी डॉक्टरांनी जाहीर आक्षेप घेतले. करणाऱ्यांचं म्हणणं, त्या भागात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, म्हणजे कोणाचं काही काढून घेतलं नाही, आणि माहिती सगळ्यांना दिली होती. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं, पॅप स्मिअर उपयोगी आहे हे जगाला आधीच माहीत होतं. मला दोन्ही बाजू कळतात आणि ते ६४ आकडे म्हणून वाचता येत नाहीत. जास्त राग मला ह्याचा येतो की निकाल २००९ साली हातात असून २०२२ मध्येही भारतात ह्या कॅन्सरचे सव्वा लाखांहून जास्त नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू.

हळदीकुंकू
रविवार, रात्री ९:४५

मावशींना आता लस देऊन ठेवली तर? पुण्याचीच आहे ना ती नवी?

पेट्रीडिश
रविवार, रात्री १०:१०

सीरमची सर्व्हाव्हॅक, २०२२ मध्ये जाहीर झाली. ६, ११, १६ आणि १८ ह्या चार प्रकारांवर. पण लशीत असतं एल१, म्हणजे विषाणूचं बाहेरचं टरफल. प्रतिपिंडं टरफल ओळखून विषाणूला दारातच अडवतात. आत रुतून ई६-ई७ बनवणाऱ्या पेशीवर टरफलच नसतं, मग लस कोणाला ओळखणार? मावशींच्या आजच्या घावावर तिचा उपयोग नाही. ती विषाणूशी अजून गाठ न पडलेल्या मुलींसाठी आहे, ९ ते १४ वय सगळ्यात उत्तम. बार्शीलाईट, तुमच्यासाठी अवांतर: एकच डोस पुरतो का, ह्याचा जो भारतीय पुरावा जगाने उचलला, त्या अभ्यासाच्या केंद्रांत बार्शीही होती. २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवावं लागलं, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षांनी बघितलं तर १६ आणि १८च्या ठाण मांडणाऱ्या संसर्गापासून त्या ९५ टक्क्यांच्या आसपास सुरक्षित.

रानमोगरी
मंगळवार, रात्री ९:३०

काल झालं. तासाभरात बाहेर आली, संध्याकाळी घरी. काढलेला तुकडा तपासायला गेलाय. सहा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही तपासणी सांगितली आहे.

आज तिला हा अख्खा धागा वाचून दाखवला. मोटारीच्या काडीवर हसली, हेन्रिएटाच्या वेळी गप्प झाली, मग विचारलं, "तिच्या पोरांना कोणी सांगितलं का?" पी१६वर म्हणाली, "म्हणजे घरातली एकटी सून घसा फोडून ओरडतेय आणि सासरा बहिरा झालाय." मी म्हटलं बहिरा नाही, त्याला पळवून नेलंय. त्यावर, "मग ओरडते तेच बरं. शेजाऱ्यांना तरी कळलं."

तिचा एक प्रश्न राहिलाय, पेट्रीडिशसाठी. त्या येलच्या बाटलीत लगाम चढवल्यावर थांबलेल्या पेशींचं पुढे काय केलं?

पेट्रीडिश
मंगळवार, रात्री १०:०५

निळा रंग लावून मोजल्या. म्हाताऱ्या पेशींत एक एन्झाइम वाढतं, त्याने त्या निळ्या होतात. मावशींना सांगा, जवळजवळ सगळी बशी निळी झाली होती.